धाव, पायगाडी, धाव : खांदा कॉलनीच्या पावसातली एक शर्यत आणि तिच्या मागचा रस्ता

आजचा धागा बुटाच्या एका ओल्या नाडीपासून सुरू करते.

जुलैतला रविवार, सकाळचे सव्वासहा. खांदेश्वराच्या तलावालगत आम्ही पंधरावीस जण भिजत उभे होतो. आयोजक नव्हते, फलक नव्हता, पदके तर नव्हतीच. खांदा कॉलनीतल्या रोजच्या धावणाऱ्यांनी आपापसांत ठरवलेली ही शर्यत होती : अडीच किलोमीटर धाव, दहा किलोमीटर सायकल आणि पुन्हा सव्वा किलोमीटर धाव. एका काकांच्या गळ्यात शिट्टी होती. दुसऱ्या एका काकूंच्या हातात वही होती आणि ती वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्या पिशवीवरूनच नावे वाचत होत्या. रात्रभर पाऊस पडला होता. शिट्टी वाजली तेव्हा तो थांबला नाही, उलट वाढला.

मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी. धावणे हा माझा अभ्यासविषय नाही. परंतु त्या पाऊण तासात माझ्या मनात एक प्रश्न घुसला आणि तो अजून निघालेला नाही. पनवेलच्या या पट्ट्यात पावसात धावणारी, चाकावर बसणारी आणि उतरून पुन्हा धावणारी मी पहिली माणूस खचितच नव्हते. मग माझ्या आधी इथून कोण धावले, कशासाठी धावले आणि त्यांच्या धावण्याची नोंद कोणाच्या वहीत झाली?

आधी या खेळाचा अधिकृत इतिहास थोडक्यात उरकू, कारण तो फारच अलीकडचा आहे. धाव–सायकल–धाव या प्रकाराला आज ‘ड्युअॅथलॉन’ म्हणतात. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात पोहणे, सायकल आणि धावणे एकत्र गुंफण्याचे प्रयोग झाले; २५ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगोच्या मिशन बे येथे झालेली शर्यत हा ट्रायअॅथलॉनचा आधुनिक आरंभ मानतात. ज्यांना पाणी नको होते त्यांनी पोहण्याच्या जागी आणखी एक धाव घातली. सुरुवातीला याला ‘बायअॅथलॉन’ म्हणत. पण त्या नावाचा बर्फावर घसरत नेमबाजी करण्याचा एक ऑलिम्पिक खेळ आधीच होता, म्हणून नाव बदलावे लागले. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय ट्रायअॅथलॉन संघटना फ्रान्समधील आविन्यों येथे स्थापन झाली आणि १९९० मध्ये पाम स्प्रिंग्स येथे ड्युअॅथलॉनची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. पुरुषांत अमेरिकेचा केनी सूझा जिंकला. छोट्या पल्ल्याची रूढ मापे ५ किलोमीटर धाव, २० किलोमीटर सायकल, अडीच किलोमीटर धाव अशी आहेत. आमची शर्यत त्याच्या बरोबर निम्मी. ट्रायअॅथलॉन २००० मध्ये सिडनीत ऑलिम्पिकला पोहोचले. ड्युअॅथलॉन अद्याप पोहोचलेले नाही.

इतके पुरे. कॅलिफोर्नियाचे हे आख्यान खरे आहे, मात्र खांदा कॉलनीच्या रस्त्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

पहिली धाव

पहिले अडीच किलोमीटर बरे गेले. पावसात धावताना अंग तापत नाही, श्वास लांब चालतो. अडचण पायाखाली असते. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ, गतिरोधकावर पांढरा रंग आणि मध्येच एखादे लोखंडी झाकण. पाय उचलून टाकायचा नसतो, ठेवायचा असतो. पावले लहान करावी लागतात.

मराठ्यांच्या इतिहासात पावसाळा हा मोहिमांच्या विसाव्याचा काळ. दसऱ्याला सीमोल्लंघन, आखाडाच्या तोंडाशी परत. ‘छावणी’ हा शब्द जुन्या कागदांत पुष्कळदा पावसाळ्यातल्या मुक्कामाच्या अर्थाने येतो, तो याच कारणाने. फौजा बसत. निरोप मात्र बसत नसे. जासूद, हरकारे, काशीद अशा नावांनी पत्रांत येणारी माणसे चिखल तुडवीत चालत-धावत राहत. पत्रांत ‘जासूदजोडी’ असा शब्द भेटतो. निरोप्ये बहुधा दोघे मिळून पाठवले जात. त्यामागची गरज समजायला फार कल्पना लागत नाही. नदीला पूर आला, एकाला ताप भरला, साप चावला, तरी दुसऱ्याच्या कमरेला थैली असावी.

आणि पावसातल्या धावेचे नाव काढले की आपल्या सर्वांच्या मनात एकच रात्र येते. १६६० च्या आषाढातली, १२–१३ जुलैची. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निघाले आणि सुमारे साठ किलोमीटरवरच्या विशाळगडाकडे गेले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल सैन्याने काय केले, हे या धाग्याच्या वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. दर जुलैमध्ये त्या वाटेने हजारो पावले चालतात. तुमच्यापैकी कित्येक जण गेलेही असतील. मला मात्र अलीकडे पालखी उचलणारे खांदे आठवत राहतात. चिखलात, अंधारात, पाठीवर पाठलाग असताना पालखी घेऊन धावायचे म्हणजे खांदा बदलावा लागणार. एकाने दांडा सोडण्याआधी दुसऱ्याने तो घ्यायचा, आणि पालखी थांबता कामा नये. या खांदेपालटाचे तंत्र त्यांना कोणी शिकवले असेल? सह्याद्रीतली रोजची ओझी, डोली, पालख्या यांनीच. सेनापतीचे नाव इतिहासाने जपले, ज्या शिवा काशीदने महाराजांचे सोंग घेऊन मरण पत्करले त्याचेही नाव परंपरेने जपले. खांदे देणारांची यादी मात्र आपल्यापाशी नाही. (काशीद हे आडनाव आणि काशीद म्हणजे निरोप्या, यांचा संबंध जोडून टाकण्याचा मोह मलाही होतो. पुरावा नसताना तो आवरलेला बरा.)

पनवेलच्या पट्ट्यातली धाव याहून वेगळी, व्यापारी आणि टपाली. रेल्वे येण्याआधी मुंबईहून पुण्याला जायचे तर माणूस मचव्यात बसून खाडीमार्गे पनवेल बंदराला उतरे आणि तिथून खोपोली, बोरघाट असा चढत जाई. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने तोफा चढवण्यापुरता बोरघाट दुरुस्त करवला. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमने चाकाच्या गाड्यांसाठी बांधलेला घाटरस्ता खुला केला. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि पनवेलचे महत्त्व ओसरू लागले. त्याआधीचे पनवेल मात्र मुंबई आणि देश यांच्यामधला उंबरठा होते. होडी इथे संपे, पाय आणि चाक इथे सुरू होई. आजच्या शर्यतीच्या भाषेत बोलायचे तर पनवेल हे गावच एक ‘बदलाचे ठिकाण’ होते.

इंग्रजी अमदानीतला टपालाचा हरकारा टप्प्याटप्प्याने धावे. खांद्यावर काठी, काठीला थैली आणि घुंगरू. घुंगरांचा आवाज ऐकून पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राही. रानात तोच आवाज जनावरांना दूर ठेवण्याच्याही कामी येई. पावसाळ्यात ओढे फुगत, तरी थैली पुढे गेली पाहिजे. सरकारी कागदांत हा माणूस दिसतो तो मुख्यतः टप्पा, पगार आणि उशीर यांच्या हिशेबात. वेळेवर पोहोचला तर नोंद पत्राची, उशीर झाला तर नोंद त्याची.

माझी पहिली धाव तेरा मिनिटांत संपली. प्लॅस्टिकच्या पिशवीवरून काकूंनी माझे नाव मोठ्याने पुकारले.

नाडी

बदलाच्या ठिकाणी माझी सायकल स्टँडवर उभी होती आणि मी एक मूर्खपणा केला होता. धावण्याचे बूट काढून सायकलसाठी दुसरे घालायचे असा बेत होता. नाडी भिजून फुगली होती, गाठ सुटेना. बोटे पावसाने सुरकुतलेली. ज्यांनी बूट बदलण्याचा विचारच केला नाही ते चौघे माझ्यासमोरून निघून गेले. चाळीस-पन्नास सेकंद गेले असतील. शर्यतीच्या मानाने ते फार.

घरी आल्यावर मी या बदलाविषयी वाचत बसले. हरकाऱ्याच्या व्यवस्थेत थैली तीच राहते, माणूस बदलतो. पालखीत ओझे तेच, खांदे बदलतात. घोड्यांच्या डाकेत स्वार तोच, घोडा बदलतो. ड्युअॅथलॉनमध्ये माणूस आणि ओझे एकच, म्हणजे आपले शरीर. बदलते ते वाहन. या सर्वांत हरण्याची जागा मात्र एकच असते : दोन टप्प्यांच्या मधली.

आणि इथे एक योगायोग सापडला, तो सांगितल्यावाचून राहवत नाही. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतल्या मानहाइम शहरात कार्ल फॉन ड्राइस नावाच्या सरदारपुत्राने दोन चाकांच्या लाकडी सांगाड्यावर बसून पहिली लांब फेरी मारली. पायडल नव्हते. बसून जमिनीला पाय मारायचे आणि चाकांवर पुढे सरकायचे. त्याने या यंत्राला नाव दिले होते ‘लाउफमाशिने’, म्हणजे धावण्याचे यंत्र. सायकल जन्मली तीच मुळी धावण्याची एक जात म्हणून. तो ज्या जागेपर्यंत जाऊन परतला ते ठिकाण होते श्वेट्झिंगनच्या वाटेवरचे ‘रिलेहाउस’, गाड्यांचे घोडे बदलण्याची चौकी. जाऊन-येऊन सुमारे तेरा-चौदा किलोमीटर, एका तासाच्या आत. त्याच जून महिन्यात इकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाकडून इंग्रज पुण्याचा तह लिहून घेत होते आणि पाच महिन्यांत खडकीची लढाई व्हायची होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरी एकाच पावसाळ्याच्या तोंडावर एकीकडे एक राज्य बुडत होते आणि दुसरीकडे एक चाक फिरू लागत होते, हे मनात राहते.

पायगाडी

आपल्याकडे सायकल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली आणि मराठीने तिला एक सुरेख नाव दिले : पायगाडी. आज हा शब्द कोशात पडून आहे, पण माझ्या मते तो ‘दुचाकी’पेक्षा सरस आहे. दुचाकी चाके मोजते. पायगाडी सांगते की गाडी ओढणारा बैल तूच.

चाकांचेच निघाले म्हणून सांगते. इंग्रजकालीन गॅझेटियरात पनवेलच्या उद्योगांत बैलगाडीच्या चाकांचा उल्लेख येतो. घाटावर जाणाऱ्या गाड्यांची चाके इथे घडत. माल्कमचा रस्ता झाला, गाड्या वाढल्या, चाके लागली. लाकूड कर्नाळा-माथेरानकडच्या डोंगररानांच्या जवळ होतेच. पनवेलला चाक नवे नव्हते. नवे होते ते रबर. १८८५ च्या सुमारास जे. के. स्टार्लीची सारख्या चाकांची ‘सेफ्टी’ सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले आणि मग कुठे खडीच्या रस्त्यावर सायकल माणसाच्या हाडांना सोसवू लागली.

मुंबईतली सायकल आरंभी साहेबांची आणि सधन पारशांची. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले आणि मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले. सुमारे ७१,००० किलोमीटर. आपल्याला त्यांची आठवण असायला हवी तितकी नाही. पुढे वरळीत हिंद सायकलचा कारखाना निघाला, सायकल कारकुनाच्या, गिरणी कामगाराच्या, दूधवाल्याच्या आवाक्यात आली. मागच्या पिढीला विचारा : नगरपालिकेचा बिल्ला, रात्री दिवा नसला की पोलिसाचा हात आणि डबलसीट बसलेला मित्र चौकाआधी उडी मारून उतरणारा. सार्वजनिक रस्त्यावर सायकलस्वाराचा आत्मविश्वास असा हळूहळू बनला.

१९४० च्या दशकापासून सुरू झालेली मुंबई–पुणे सायकल शर्यत याच रस्त्याची. मुंबई सोडून पनवेल, खोपोली, मग बोरघाटाचा चढ. चढात सर्वांत पुढे असणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि कित्येकांना पुण्यात पहिला कोण आला यापेक्षा घाटाचा राजा कोण झाला याचेच अप्रूप असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावे उभी राहत. माल्कमने तोफा, टपाल आणि माल यांच्यासाठी बांधलेल्या घाटात शंभर-सव्वाशे वर्षांनी माणसे नुसत्या पायांच्या जोरावर कोण आधी चढतो ते बघायला जमत होती. मला या पदवीची गंमत वाटते. ज्या घाटाने एकेकाळी जकात गोळा करणारे आणि फौजा नेणारे पाहिले, त्याला शेवटी राजा मिळाला तो सायकलवाला.

आता माझी दहा किलोमीटर. कॉलनीच्या आतल्या रस्त्यांवर अडीच किलोमीटरच्या चार फेऱ्या. माझ्या सायकलीला जुन्या पद्धतीचे, रिमवर घासणारे ब्रेक आहेत. रिम ओली असली की पहिले एक-दोन फेरे ब्रेकचे रबर नुसते पाणी पुसते. पकड त्यानंतर येते. म्हणजे वळण येण्याच्या बऱ्याच आधी ब्रेक हलके धरावे लागतात. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवली होती, त्यामुळे रबर रस्त्याला अधिक चिकटते. हे सर्व मला माहीत होते. तरीही तिसऱ्या फेरीत, एका वळणावर, पुढच्या मुलाला गाठण्याच्या नादात मी चाक पांढऱ्या पट्ट्यावर घातले आणि आडवी झाले. गुडघा सोलला, कोपर सोलले, साखळी उतरली.

वळणावर छत्री घेऊन एक आजोबा उभे होते. आम्हाला दिशा दाखवण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले होते. मूळचे खांदा गावचे. त्यांनी सायकल उचलली, मी साखळी बसवली. काळ्या हातांनी निघणार तोच ते म्हणाले, “पोरी, सावकाश. इथं आमचं खाचर होतं. बांधावर पण असंच घसरायचं.”

मी निघाले, पण ते वाक्य उरलेल्या दीड फेरीत माझ्याबरोबर होते.

खाचर

वाचकहो, इथे रस्ता जरा सोडून शेतात उतरावे लागेल.

खांदा कॉलनी म्हणजे नवीन पनवेलचा पश्चिम भाग. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि तिच्यावर नवी मुंबई वसवण्याचे काम आले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या. भाताची खाचरे, खाजणे, मिठागरे. पावसाळा हा इथल्या शेतकऱ्याचा खरा हंगाम होता : आवण लावण्यासाठी गुडघाभर चिखल हवाच. बांध हीच त्यांची वाट आणि तिच्यावर तोल सावरत चालणे ही लहानपणी आपोआप येणारी विद्या.

जमिनी गेल्या, मोबदल्याचा प्रश्न राहिला. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात, दास्तान फाटा आणि नवघर इथे पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. त्या लढ्यातून पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ शेतकऱ्यांना परत देण्याचे तत्त्व आले. ‘साडेबारा टक्के’ हे दोन शब्द या भागात आजही नुसते उच्चारले तरी पुरतात, सगळ्यांना कळते. शेजारच्या नवी मुंबई विमानतळाला दि. बां.चे नाव मिळावे म्हणून झालेली आंदोलने तुम्ही बातम्यांत पाहिली असतील.

मी या कॉलनीत वाढले. आईवडील नोकरीनिमित्त इथे आले. आमची इमारत, शाळा, खांदेश्वर स्थानक ही माझ्यासाठी जगाची मूळ रचना होती. त्या रचनेआधी काही असेल हे मला पुस्तकांतून ठाऊक होते. पानिपतच्या मोहिमेचे मुक्काम मला पाठ आहेत. पण ज्या वळणावर मी रोज सायकल चालवते तिथे कोणाचे खाचर होते हे मी चोविसाव्या वर्षी, गुडघ्यातून रक्त येत असताना, पहिल्यांदा ऐकले. याची मला लाज वाटली हे नोंदवून ठेवते.

पाणी मात्र विसरलेले नाही. कॉलनीच्या सखल भागांत जोराच्या पावसात ते जुन्या उताराने जमायला बघते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा गाढी नदीकाठच्या पनवेलचीही जी दशा झाली, ती इथल्या मोठ्या माणसांना अजून दिवसाच्या तपशिलासह आठवते. तेव्हा जे पाण्यातून चालत घरी पोहोचले त्यांच्यापैकी दोघे आमच्या शर्यतीत होते. त्यांना आमच्या पावसाचे काही विशेष वाटत नव्हते.

दुसरी धाव

सायकलवरून उतरून धावू लागताच पाय आपले राहत नाहीत. मांड्या गोल फिरण्याच्या सवयीत असतात, जमिनीचा धक्का त्यांना नकोसा होतो. पहिले तीन-चारशे मीटर आपण कोणाचे तरी लाकडी पाय घेऊन पळत आहोत असे वाटते. त्यात बूट पाण्याने जड. सव्वा किलोमीटर म्हणजे किती थोडे! तेवढ्यातही दोनदा थांबावेसे वाटले.

अशा वेळी मला फडेप्पा चौगुले आठवतात. बेळगावचे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. त्यांनी पाहिले की खेड्यांतून आलेली शेतकरी पोरे, प्रशिक्षण नाही, पायांत बूट नाहीत, तरी अशा वेळा देत आहेत की युरोपातल्या धावपटूंशी त्यांची तुलना व्हावी. दोराबजींनी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्यामार्फत खटपट केली, स्वतःच्या खिशातून पैसा घातला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारताचा छोटा संघ जहाजाने रवाना झाला. चौगुले, दातार आणि कैकाडी हे लांब पल्ल्याचे धावपटू, बंगालचे बॅनर्जी, शिवाय नवले आणि शिंदे हे कुस्तीगीर. शिंद्यांचे कांस्यपदक थोडक्यात हुकले, ते चौथे आले.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पची मॅरेथॉन झाली. थंड, पावसाळी हवा. अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षाही अधिक. ऑलिम्पिकच्या इतिहासात एवढी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. फिनलंडचा हानेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. दातारांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुल्यांनी २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत ती संपवली आणि ते एकोणिसावे आले. जेमतेम अठरा वर्षांचा मुलगा, परक्या देशातला ओला रस्ता, पहिल्यापेक्षा सुमारे अठरा मिनिटे मागे.

एकोणिसावा क्रमांक पाठ्यपुस्तकात येत नाही. मला तो फार मोठा वाटतो, आणि कारण देशभक्तीचे नाही, नोंदीचे आहे. शतकानुशतके या मुलुखातली माणसे पावसात धावली : पालखीखाली, थैलीखाली, पाटीखाली. त्यांच्या वेगावर राज्ये चालली, पण कोणी सेकंदाच्या दशांशापर्यंत त्यांची वेळ लिहून ठेवली नव्हती. चौगुल्यांची ठेवली गेली. ते ४५.४ सेकंद मला आमच्याकडच्या कुठल्याही शिलालेखाइतके मोलाचे वाटतात.

मात्र इथे गाडी थोडी मागे घ्यायला हवी. नोंद झाली ती खेळात. कामावरचा धावणारा तसाच राहिला. धाव–सायकल–धाव या क्रमाचा खरा उस्ताद शोधायचा तर तो डबेवाला. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत सुरू केलेल्या या व्यवस्थेत घराघरांतून पायी डबे गोळा करायचे, सायकलला लटकवून स्थानक गाठायचे, लोकलने पुढे न्यायचे, पुन्हा सायकल वा हातगाडी आणि शेवटी जिने चढत धाव. यातले बहुसंख्य मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव भागातले. त्याच मावळातले, ज्याच्या नावाने आपण १६६० च्या त्या रात्रीच्या माणसांना मावळे म्हणतो. कित्येकांच्या घरी पंढरीची वारी. वारीतही एक धाव आहे. वेळापूरच्या अलीकडे उतारावरून वारकरी ‘धावा’ करतात आणि आषाढात तो बहुधा ओल्या रस्त्यावरच होतो. ती धाव ना पगाराची ना पदकाची. तिला कोणत्या रकान्यात घालावे हे मला ठरवता आलेले नाही, आणि घाई नाही.

शेवटच्या दोनशे मीटरांवर माझ्या बाजूने सायकलवरून एक मुलगा पुढे गेला. आमच्यातला नव्हता. पाठीवर घरपोच खाणे पोहोचवणाऱ्यांची चौकोनी पेटी, तिच्यावर प्लॅस्टिक, डोक्याला पिशवी बांधलेली. सकाळचे सात नुकतेच वाजून गेले होते आणि कोणीतरी नाश्ता मागवला होता. इमारतीच्या फाटकाशी त्याने सायकल भिंतीला टेकवली, स्टँडसुद्धा लावला नाही, आणि पेटी सांभाळत धावत जिन्याकडे गेला. त्याचा बदल माझ्यापेक्षा कितीतरी चोख होता. नाडीच नव्हती, पायांत चपला होत्या.

मी अकरावी आले. काकूंनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून वही काढली, तोवर पानाच्या कडा भिजल्याच होत्या, आणि बॉलपेनने माझ्या नावापुढे लिहिले : ५१ मिनिटे, १० सेकंद. मग गुडघ्याकडे पाहून विचारले, “हळद आहे का गं घरी?”

छत्रीवाल्या आजोबांकडे पुढच्या रविवारी जायचे ठरले आहे. कोणत्या रस्त्याखाली कोणाचे खाचर होते, कुठून ओढा जात होता, कोणत्या बांधाला काय नाव होते, हे सगळे ते सांगणार आहेत आणि मी सिडकोच्या जुन्या नकाशाची एक प्रत बरोबर नेणार आहे. तुमच्या घरी या ९५ गावांपैकी कुठले आजी-आजोबा असतील तर खाली लिहा. शेताचे, बांधाचे, ओढ्याचे नाव पुरे आहे.